शुक्रवारचा रविवार

कामतघर, भिवंडी
रविवार, १३ जुलै २००३

प्रिय जोकिम,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता कॉलेजच्या टाइपरायटरवर टाइप करून घेतला आहे. फसवणूकच म्हण. पण आता फोडलंच आहेस, तर पुढे वाच. फोनही करून पाहिला होता. तुझ्या त्या द्राक्षांच्या नर्सरीत दोनदा लावला आणि दोन्ही वेळा तुझा "कोण बोलतंय?" ऐकून मीच खाली ठेवला.

सहा वर्षांनी बहिणीचं पत्र म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. आईनंतर आपल्याकडे जाण्यासारखं उरलंय कोण? तू आणि मी. आणि मी ठणठणीत आहे.

हे कामाचं पत्र आहे. आमच्याकडे फादर इग्नेशियस म्हणून कॅथलिक विद्यार्थ्यांच्या सेवेचे नवे डायरेक्टर आलेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं. म्हणाले, "मिस तुस्कानो, तुमच्या कॉलेजात आपली साठेक मुलं आहेत, आणि त्यांना विचारणारं कोणी नाही. आठवड्यातून एकदा त्यांना जमवा, प्रार्थना घ्या, त्यांच्याशी श्रद्धेबद्दल बोला." मी म्हटलं, फादर, मी वनस्पतिशास्त्र शिकवते. शेवाळावर मी दोन तास बोलू शकते, देवावर दोन मिनिटांत माझं सगळं संपतं. तर म्हणाले, "तुमच्यासारखी शिस्तीची माणसंच लागतात." शिस्तीचं नाव काढलं की मी फसते, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

आज पहिली सभा होती. दहाच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम' लिहिलं, आणि आली एक. मृणाली लोपीस, एस.वाय.ला आहे. तीसुद्धा हॉलमध्ये छत्री विसरली होती म्हणून परत आली होती. बिचारी एकोणसाठ रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसली आणि माझं पंचवीस मिनिटांचं भाषण ऐकून गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, छान बोललात." छत्री पुन्हा विसरली.

तू सेमिनरीतून सुट्टीला वसईला यायचास तेव्हा आपल्या बावखलाच्या पाण्याकाठी गावातली निम्मी पोरं जमायची. तू त्यांना बोलवायचास असंही नाही. नुसता बसायचास. मी खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं, यात काय एवढं. आज कळलं. म्हणून विचारते, पोरं जमवायची कशी? हे तुला येतं आणि मला येत नाही. हे मी लेखी देते आहे, जपून ठेव.

त्या दिवशी दारात उभी राहून मी तुला जे बोलले, त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. तो विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस.

सेसिलिया तुस्कानो


कामतघर
शुक्रवार, ८ ऑगस्ट २००३

प्रिय जोकिम,

उत्तर नाही. मी पोस्टखात्याला दोष देऊन मोकळी झाले आहे.

तरी तुला सांगायला हवंच, कारण दुसऱ्या कोणाला यात गंमत वाटणार नाही. पुढच्या दोन रविवारी मिळून तीन मुलं आली. त्यातला मनोज आला तो झोपायलाच. मागच्या खुर्चीवर मान टाकून असा घोरायला लागला की मृणालीला प्रार्थना मोठ्याने म्हणावी लागली. मी त्याला उठवून माझ्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "देवाच्या घरी झोपायला येतोस?" तो डोळे चोळत म्हणाला, "सॉरी मॅडम. रात्रपाळी करून आलोय. आता बाराला परत पॉवरलूमवर. रविवारी कोण येणार इथं? इथला संडे जुम्म्याला असतो ना!"

त्याचे वडील जालन्याकडून आले, तेही लूमवरच आहेत. आपली निम्मी मुलं तशीच. कोणी लूमवर, कोणी गोडाऊनमध्ये, कोणाचे घरचे तिथे कामाला. मिस्सेला जायचं तर शनिवारी संध्याकाळी धावतपळत जातात. रविवारी अख्खी भिवंडी खडखडत असते आणि शुक्रवारी गप्प होते. जोकिम, मी या गावात अकरा वर्षं नोकरी करते! कॉलेज रविवारी बंद, म्हणून जगही रविवारी बंद, असं मी आजवर धरून चालले होते.

मग मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, इथून पुढे शुक्रवार हाच आपला रविवार. जागा म्हणून घरमालकीण गुणाबाईचा ओटा मिळाला. गुणाबाई इथली आगरी बाई, साठीची. एकेकाळी तिची इथे भातशेती होती, आता त्याच जमिनीवर चार लूमच्या शेड आणि माझ्या दोन खोल्या आहेत. पहिल्या शुक्रवारी अकरा मुलं आली, आज एकोणीस. मुलांनी तर नावच पाडलं आहे, 'शुक्रवारचा रविवार'. रविवारची गाणी, रविवारचा खाऊ, रविवारचे कपडे, सगळं शुक्रवारी. गुणाबाई दारात बसून ऐकत होती. संपल्यावर मला म्हणाली, "काय गो बाई, तुमचा देव शुक्कीरवारी बी येतं का?" मी म्हटलं, येतो. "मंग बरा हाय," म्हणाली, "आमचा बी कवा बी येतं."

आता एक कबूल करायचं आहे. मी या मुलांशी काय बोलते? तुझंच बोलते. तू गेलास तेव्हा तुझी पत्र्याची ट्रंक घरीच राहिली. तिच्यात निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली, पोरांसाठी तू लिहिलेल्या गोष्टींची आणि प्रश्नांची. दर गुरुवारी मी एक पान पाठ करते आणि शुक्रवारी म्हणून दाखवते. तुझं नाव घेऊन म्हणते, चोरी करत नाही. आज ते पान होतं: 'देवाला उत्तरं पाठ आहेत, त्याला आपले प्रश्न ऐकायचे असतात.' मग मृणालीने हळूच हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, देवावर रागावलं तर चालतं का?" याचं उत्तर वहीत पुढच्या पानावर असेल म्हणून मी उलटून पाहिलं. ते पान कोरं होतं, जोकिम. तिथेच लिहायचं थांबला होतास की काय?

सेसिलिया


कामतघर
रविवार, २८ डिसेंबर २००३

प्रिय जोकिम,

तुझं कार्ड मिळालं. 'वही परत पाठव. जोकिम.' सहीसकट चार शब्द. मी ते इतक्या वेळा वाचलं की आता मला पाठ झालं आहे, आणि चार शब्द पाठ व्हायला किती वेळा वाचावं लागतं याची तू कल्पना कर. तुझा 'ह' अजून तसाच आहे, पोटफुगीचा.

गुणाबाईला सांगितलं, भावाचं पत्र आलं.

"काय लिवलाय?"

"वही परत मागितली आहे."

"मंग मागला तरी! माजा भाऊस तं भांडाला बी येत न्हाय."

म्हणजे तिच्या मते माझं बरं चाललं आहे.

वही पाठवणार नाही. पोस्टात गहाळ होते, पावसात भिजते, आणि डिसेंबरात पाऊस नसतो हे मला माहीत आहे. हवी असेल तर येऊन घेऊन जा.

नाताळचं सांगते. शुक्रवारी एकोणीस तारखेला आम्ही कॅरल गात कामतघरच्या चाळींतून फिरलो. चौतीस मुलं होती. मनोजच्या गळ्यात ढोलकी, मृणालीच्या हातात काठीला बांधलेला चांदणीचा कंदील. लूम बंद होते म्हणून आमचं गाणं ऐकू तरी गेलं. एरवी या गल्लीत देवदूत स्वतः येऊन गायले असते तरी कोणाला पत्ता लागला नसता. एका दारात एक म्हातारा कारागीर बाहेर आला, सगळं गाणं उभ्याने ऐकलं आणि म्हणाला, "बहुत अच्छा. किसकी शादी है?" मनोज म्हणाला, "शादी नहीं चाचा, बच्चा हुआ है." चाचाने आत जाऊन आमच्यासाठी मूठभर खजूर आणले.

मी गायले नाही, नुसती पुढे चालले. मी गाते तेव्हा काय होतं ते तुला माहीतच आहे.

मुलं तुझ्याबद्दल फार विचारतात. तू कसा दिसतोस, रागावतोस का, कुठे असतोस. मी त्यांना काय सांगितलं आहे ते पुन्हा कधीतरी लिहीन.

नाताळच्या शुभेच्छा. हे आधी लिहायला हवं होतं.

सिसिल


कामतघर
रविवार, ८ फेब्रुवारी २००४

प्रिय जोकिम,

मेघालीचं पत्र आलं. तुला ठाऊक नसेल तर आता झालं. तिच्यावर चिडू नकोस. मी तिला कधी पाहिलं नाही, तुमच्या लग्नाला आले नाही, आणि ती मला 'ताई' म्हणून चार पानं लिहिते. हॉस्पिटलच्या ड्युटीवर बसून लिहिलं असावं, मध्येच एका ओळीत कोणाचातरी ताप लिहून खोडला आहे.

तिच्याकडून मला कळलं की तू माझी पत्रं तीन-तीनदा वाचतोस आणि मग कलमांच्या पिशव्यांखाली लपवतोस. तुमची क्षितिजा चार वर्षांची आहे आणि सगळ्यांना हुकूम सोडते. "कोणावर गेली आहे ते आता कळलं," असं मेघाली लिहिते. मी ते वाक्य स्तुती म्हणून घेतलं आहे.

तिने आणखी एक लिहिलं आहे. तुझी समजूत अशी आहे की शेवटच्या दुखण्यात आईलाच तुझं तोंड पाहायचं नव्हतं, आणि मी फक्त तिचा निरोप दारात सांगितला. त्यावर मी आज काही लिहीत नाही.

दुसरं लिहिते. तेही सोपं नाही, पण त्यातल्या त्यात बरं आहे. या मुलांना तू 'फादर जोकिम' म्हणून माहीत आहेस. मी तसं सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी म्हटलं, माझा भाऊ सेमिनरीत होता तेव्हा त्याने हे लिहिलं. मृणाली म्हणाली, "म्हणजे तुमचे भाऊ फादर आहेत?" तेव्हा मी खडू शोधायला लागले. एवढंच झालं. पुढे ते वाढत गेलं. आता तर फादर जोकिम नाशिकच्या आदिवासी पाड्यांवर काम करतात, दाढी ठेवतात आणि मोटरसायकल चालवतात. हे मनोजने लावलं आहे, मी फक्त गप्प बसले.

आणि आता मुलांनी ठरवलंय की परीक्षा संपल्यावरच्या शुक्रवारी, सोळा एप्रिलला, प्रार्थना-चिंतनाची एक दिवसाची रिट्रीट करायची आणि ती फादर जोकिमनीच घ्यायची. निमंत्रण सोबत आहे. चौतीस सह्या आहेत. वर 'रेव्हरंड फादर' लिहिलंय, ते खोडायला मी पेन तीनदा टेकवलं आणि तिन्ही वेळा उचललं.

मला त्यांना खरं सांगावं लागणार. सांगेन. या शुक्रवारी नाही, पुढच्या.

पण निमंत्रण खरं आहे, जोकिम. ये. मुलांसाठी ये, नाहीतर वहीसाठी ये. माझ्यासाठी ये असं म्हणायला मला तोंड नाही. पण मला तू हवा आहेस.

सिसिल


कामतघर
शनिवार, ६ मार्च २००४

प्रिय जोकिम,

काल जे झालं ते लिहायला बसले आणि हसूच आवरेना. गुणाबाई येऊन विचारून गेली, बाई, बरा हाय ना?

काल फादर इग्नेशियस आमचं मंडळ बघायला येणार होते. आधी क्रुसाची वाट, मग एकत्र जेवण. महिन्याभरापूर्वीच मी गुणाबाईला सांगून ठेवलं होतं, पाच मार्चला आमचे मोठे फादर येणार, चाळीस माणसं होतील, मस्त रविवारचं जेवण करा. तिने मान डोलावली. मी डायरीत खूण केली आणि निश्चिंत झाले.

मग राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ लागला. मी स्वतः, या तोंडाने, मुलांना अर्धा तास सांगितलं की उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य. का वर्ज्य, कधीपासून वर्ज्य, सगळं. चित्र काढायचंच काय ते बाकी ठेवलं. आणि आपला रविवार शुक्रवारी असतो, हे माझ्या डोक्यात दुसऱ्याच कप्प्यात पडून होतं. सात महिने शुक्रवारला रविवार म्हणत आल्यावर हे व्हायचंच होतं, असं मृणाली म्हणते. तिला हे आधी सुचलं नाही, हे मी तिला ऐकवलं.

तर काल संध्याकाळी आम्ही गल्लीच्या टोकापासून ओट्यापर्यंत येशूच्या वाटेवरच्या चौदा स्थानांचे चौदा कागदी क्रूस लावले. फादर पुढे, मुलं मागे. तिसऱ्या स्थानावर, येशू पहिल्यांदा पडतो तिथे, वास आला. मला वाटलं शेजारच्या गल्लीतून येतोय, शुक्रवारी सगळीकडेच शिजतं. सहाव्याला वास वाढला. नवव्याला मनोजचं पोट असं वाजलं की फादरनी प्रार्थना थांबवून त्याच्याकडे पाहिलं. चौदावं स्थान गुणाबाईच्या ओट्याशी होतं, आणि तिथे पोचलो तर ती पदर खोचून उभी. तिने दोन मोठ्या टोपांवरची झाकणं उचलली. मटण. आगरी मसाल्याचं, वर हातभर तर्री. शेजारी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, जाऊबाईंना बोलावून दुपारपासून थापलेल्या.

चौतीस मुलं माझ्याकडे बघायला लागली.

"काय झाला?" गुणाबाई म्हणाली. "कोनी मेला काय?"

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आज शुक्रवार, आमचा उपवासकाळ, मटण चालत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमीच तं बोललात, रविवारचा जेवन करा! सात महिनं शुक्कीरवारला रविवार बोलतांव ते कोन, मी का? चार वाजता उठलेय मी. माजा मटन काय पाप हाय का?"

तिचे डोळे भरले होते, जोकिम. आणि माझ्या ओठांवर काय आलं होतं माहीत आहे? 'नियम म्हणजे नियम.' तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मला आपलं वसईचं दार दिसलं. तू पायरीच्या खाली, शर्ट-पँटमध्ये, हातात बॅग. आणि मी वर उभी राहून सांगते आहे, फादरचा झगा घालून येणार असशील तर ये, नाहीतर या घरात पाय ठेवू नकोस. तेव्हाही मी अशीच ताठ उभी होते, आणि तेव्हाही मला वाटत होतं की मी देवाच्या बाजूने बोलते आहे. मी ओट्यावर खालीच बसले.

मृणाली वाकून कानात म्हणाली, "मॅडम, फादर जोकिम असते तर त्यांनी काय केलं असतं?"

मी म्हटलं, "ते फादर नाहीत."

हळू म्हणणार होते, पण वर्गात बोलायची सवय. सगळ्यांनी ऐकलं. मग म्हटलं आता सांगूनच टाकावं. म्हटलं, माझ्या भावाने सात वर्षांपूर्वी सेमिनरी सोडली. त्याचं लग्न झालंय, त्याला मुलगी आहे, तो द्राक्षांची कलमं करतो. तुम्हाला मी खोटं समजू दिलं, कारण मला त्याची लाज वाटत होती. आता माझी वाटते.

फादर इग्नेशियस समोर होते आणि मी त्यांच्या मंडळाची 'शिस्तीची' बाई. आता मंडळ गेलं, असं मी मनात धरलं. तेवढ्यात मनोज म्हणाला, "म्हणजे फादर नाहीत, सर आहेत. मग सर म्हणू." थोडं थांबून म्हणाला, "मोटरसायकल तरी आहे का?" आणि आणखी थोडं थांबून, "पण मॅडम, मटणाचं काय करायचं?"

आधी फादर हसले. मग कोणालाच थांबता येईना. फादर डोळे पुसत म्हणाले, "मिस, दोनच आठवडे थांबला असतात! एकोणीस मार्चला संत जोसेफचा सण आहे. शुक्रवार असूनही मांस माफ!"

वाट मनोजनेच काढली. समोरच्या शेडच्या मागे कारागिरांची भिशी आहे, म्हणजे त्यांची खानावळ. तिथला खानसामा गावाला गेलेला, त्यामुळे ऐन जुम्म्याला डाळ-भात आणि वांगं शिजलं होतं आणि चाळीस माणसं थाळी वाजवत बसली होती. मनोज पळत गेला आणि पळत आला. "अदलाबदल करायला तयार आहेत. फक्त विचारतायत, मटण कुठल्या खाटकाचं, हलाल ना?" गुणाबाई तडक म्हणाली, "निजामपुऱ्याचा. तीस वर्सं त्योच खाटीक हाय माजा." झालं. आमच्या पोरांनी मटणाचे टोप गल्लीपार नेले आणि कारागिरांनी डाळ-भाताची पातेली इकडे आणली. गुणाबाई आपल्या टोपामागून चालत गेली आणि वाढायलाही तीच उभी राहिली. तासाभराने परत आली ती तोंडभर हसत. तिकडचा मॅनेजर तिच्यामागे दारापर्यंत आला होता. म्हणाला, "मौसी, ऐसी गलती हर जुम्मे को करो."

आम्ही वांगं खाल्लं. इतकं आनंदाने वांगं खाताना मी माणसं पाहिली नव्हती.

जाताना फादर मला म्हणाले, "रिट्रीट घेणाऱ्याच्या अंगावर झगा हवाच, असा नियम माझ्याकडे नाही. भावाला बोलवा." मी म्हटलं, बोलावलंय, पण तो येईल असं नाही. ते म्हणाले, "मग पुन्हा बोलवा."

तर हे पुन्हा बोलावणं. जुनं निमंत्रण फाडून टाक. हे नवं मृणालीने रात्री बसून लिहिलंय. वर 'प्रिय जोकिम सर' आहे. सह्या छत्तीस आहेत. एक अंगठा आहे तो गुणाबाईचा, आणि छत्तिसावी माझी.

सिसिलताई


कामतघर
रविवार, २८ मार्च २००४

प्रिय जोकिम,

'येतो. आदल्या गुरुवारी. क्षितिजाला आणतो, मेघालीला रजा नाही. झगा नाही, चालेल का?'

चालेल का, असं मला विचारतोस. मी कागद घडी करून ठेवला आणि प्रॅक्टिकलला गेले. एका पोराने मला कांद्याची पातळ साल मायक्रोस्कोपखाली दाखवली आणि मी त्याला न बघताच पैकीच्या पैकी दिले. माझ्या आजवरच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आता नीट ऐक. नाशिकहून सकाळची एस.टी. धर. राजनोली नाक्यावर उतर, स्टँडपर्यंत येऊ नकोस, तिथे तासभर अडकतोस. नाक्यावर मी उभी असेन. क्षितिजाला गाडी लागते का? आल्याची वडी आणू का? तिखट खाते का? गुणाबाईने जाहीर केलंय की सोळा तारखेला मटण होणारच, आणि मी फादरना विचारून घेतलं. ईस्टरचा आठवडा आहे, शुक्रवार असूनही चालतं. गुणाबाईला ते पटेना. तिने फादरकडून स्वतः वदवून घेतलं, कॉलेजच्या फोनवर, अर्धी भिवंडी ऐकेल अशा आवाजात.

मला एकच भीती वाटते. लहान मुलांशी बोलायचं मला येत नाही. अठराच्या आतलं माणूस समोर आलं की मी हजेरीच घेते. पहिले दोन दिवस तू मध्ये राहा.

रिट्रीटला काय बोलायचं ते तू ठरव. वही इथे आहे, पण मुलांना आता ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यांना नवीन काहीतरी सांग.

खरं तर तुला आणखी एक लिहायचं होतं. आईबद्दल. तू आलास की समोरासमोर सांगेन.

ताई


शनिवार, सकाळी साडेसहा
डायनिंग टेबल

जोकिम,

मी इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगला चालले आहे. तू झोपला आहेस, उठवलं नाही. क्षितिजा माझ्या पलंगावर आहे. काल रात्री तिने मला सांगितलं की मी हजेरी चुकीची घेते, आधी बाहुल्यांची घ्यायची असते. दूध तापवलं आहे, साय तिला आवडत नाही ती काढून घे. दहाला गुणाबाई कालचं मटण आणि भाकऱ्या आणेल, नको म्हणू नकोस, तिला राग येतो.

काल तू वहीतलं एक अक्षरही बोलला नाहीस. "मी सोडलं तेव्हा देव माझ्यावर रागावला असं मला वाटायचं, म्हणून मीही त्याच्यावर रागावलो. मग कळलं, आम्ही दोघं बोलतोय तरी," असं म्हणालास तेव्हा मृणाली रडत होती. मी तिला रुमाल दिला आणि मग मलाच लागला.

दोन दिवस तू माझ्या समोर होतास. नाक्यावर सांगायचं ठरवलं होतं, तिथे तुझे पांढरे केस दिसले आणि मी विचारलं, जेवलास का? काल भांडी घासताना सांगायचं ठरवलं, तर विचारलं, नर्सरीत पाणी पुरतं का? समोर बसून मला येत नाही. म्हणून पुन्हा कागद घेतला.

दारात आईचं नाव पुढे करून मी जे बोलले ते आईचं नव्हतं, जोकिम. आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. तू पायरीवर होतास तेव्हा ती आतून विचारत होती, "जोकिम आला का गं?" आणि मी आत जाऊन म्हटलं, नाही. त्यानंतर ती रोज विचारायची. मी रोज सांगायचे की सेमिनरीत सुट्टी देत नाहीत. तिला तुझा राग नव्हता. तुझ्या झग्याचं तिला काही पडलं नव्हतं, ते सगळं मला पडलं होतं. सात वर्षं हे मी कुमसारात, फादरपुढे पापांची कबुली देतानासुद्धा, कोणाला सांगितलं नाही.

मी चुकले. मला माफ कर. आज जमलं नाही तरी आजच निघून जाऊ नकोस.

उत्तर लिहू नकोस. एक वाजता मी घरी येते.

ताई